मोबाइलमधील होकायंत्र व खरी दिशा

हल्लीं बहुतेक शेतकऱ्यांच्या खिशांत मोबाइल असतो. त्यांतील होकायंत्र पाहून सौरपंपाचे पॅनेल दक्षिणेकडे मांडणें, उसाच्या सऱ्यांचा रोख ठरविणें, किंवा मोजणीचा नकाशा जागेवर लावून पाहणें हीं कामें श्रीपूरच्या शिवारांतही सहज करतां येतात. परंतु रोखांत ५ अंशांची चूक झाली, तर ३०० फूट लांबीच्या बांधाचें टोंक २६ फूट सरकतें. म्हणजे ३३ फुटी साखळीच्या पाऊण साखळीहून अधिक! याहून कमी फरकावर भाऊबंद कचेरीची पायरी चढतात. म्हणून हें यंत्र दिशा कशी ओळखतें व कोठें फसतें, हें प्रत्येकानें समजून घेणें अगत्याचें आहे.

जुन्या होकायंत्रांत सुई असे. मोबाइलमध्यें तिच्या जागीं मॅग्नेटोमीटर नांवाचा अगदीं लहान संवेदक असतो. तो परस्परांशीं काटकोनांत असलेल्या तीन दिशांनीं चुंबकीय बल मोजतो. आडव्या दोन मापांच्या प्रमाणावरून रोख निघतो. आपल्या भागांत पृथ्वीचें आडवें बल सुमारें ३८ मायक्रोटेस्ला, म्हणजे फारच क्षीण आहे. त्यांत पृथ्वीचें किती व जवळच्या लोखंडाचें किती, हें संवेदकास कळत नाहीं. तो दोहोंची बेरीज तेवढी सांगतो.

मोबाइलच्या अंगचें लोखंड व त्याच्या कर्ण्यांतील चुंबक हीं संवेदकाबरोबरच फिरतात. म्हणून त्यांचें बल प्रत्येक मापांत सारखेंच मिसळतें. खातेवहींतील मागील बाकीप्रमाणें तें वजा केलें पाहिजे. समजा, यंत्र सपाट धरून एक पूर्ण फेरी दिली, तेव्हां एका दिशेचें माप अधिक ५० पासून उणें २६ पर्यंत गेलें. त्यांची सरासरी अधिक १२. हीच मागील बाकी. दुसऱ्या दिशेचें माप अधिक ३० ते उणें ४६ असल्यास बाकी उणें ८. या बाक्या वजा करतां दोन्ही मापें अधिक ३८ ते उणें ३८ अशीं समतोल होतात. मोबाइल हवेंत इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणें फिरवावयास सांगतात, तें याच वजाबाकीसाठीं.

बाहेरचें लोखंड मात्र आपल्याबरोबर फिरत नाहीं. म्हणून तें या उपायानें जात नाहीं. त्यापासून दूर जाणें हाच उपाय. मुंबईस कुलाबा वेधशाळेंत १८४१ पासून चुंबकीय वेध घेतले जात. शहरांत विजेची ट्राम येणार असें दिसतांच, तिच्या प्रवाहानें वेध बिघडतील हें ओळखून नानाभाई फ्रामजी मूस यांच्या कारकीर्दींत हें काम अलिबागेस हलविलें. तेथें पोरबंदरी दगडाची लोखंडरहित इमारत उभारली, आणि १९०४ ते १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं वेध घेऊन ते ताडून पाहिले. ट्राम १९०७ सालीं सुरू झाली.

शास्त्रज्ञ खाडीपलीकडे गेले. आपण ट्रॅक्टर, उसाची गाडी, बोअरचा पाइप व तारेचें कुंपण यांपासून वीस-पंचवीस पावलें तरी दूर जावें. चुंबकाचें झांकण असलेलें पाकीट काढून ठेवावें. आपला काळा दगडही लोहयुक्त असल्यानें मोबाइल हद्दीच्या दगडावर ठेवूं नये. हातांत सपाट धरावा.

शेवटीं परीक्षा घ्यावी. बांधाच्या एका टोंकाहून दुसऱ्याचा रोख पाहावा, मग तेथें जाऊन उलट रोख पाहावा. दोहोंत १८० अंशांचें अंतर पडलें पाहिजे. ४० व २२० आले तर ठीक. ४० व २२७ आले तर कोणत्यातरी टोंकाशीं लोखंड आहे असें समजावें. चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यांतील फरक आपल्या जिल्ह्यांत फार तर एक-दीड अंश असल्यानें शेतीच्या कामास त्याची चिंता नको.

इतकें करूनही हें यंत्र रोख सांगतें, हद्द नव्हे. हद्दीचा वाद असल्यास भूमि अभिलेख कचेरीकडे अर्ज करून रीतसर मोजणी मागवावी. मात्र ज्यानें आपला नकाशा आधीं जागेवर लावून पाहिला आहे, त्यास मोजणीच्या दिवशीं काय चाललें आहे हें दुसऱ्यास विचारावें लागत नाहीं.