मोरजीच्या वाळूतील गवत

मोरजीच्या किनाऱ्यावर भरतीची रेषा ओलांडून वर आले की वाळूच्या टेकड्यांवर एक ताठ, काटेरी, राखट हिरवे गवत आढळते. पायांस बोचते म्हणून आपण ते टाळून जातो. तमिळ लोकांनी मात्र त्यास 'रावणाची मिशी' हे मोठे ठसकेबाज नाव दिले आहे! शास्त्रीय नाव स्पिनिफेक्स लिटोरियस.

खारा वारा, तापलेली वाळू आणि गोड्या पाण्याची वाण असता हे गवत बारमाही हिरवे कसे राहते? त्याची पाने अरुंद, आत वळलेली व टणक असतात; त्यामुळे बाष्पीभवन कमी होते. खोड वाळूवरून सरपटत जाते व पेऱ्यापेऱ्याला मुळे सोडते. वाऱ्याने आणलेली वाळू पानांत अडकते. गवत त्या वाळूखाली गाडले जाते, पुन्हा धुमारे वर काढते आणि अशा रीतीने टेकडीच उंचावत जाते. नर व मादी फुलोरे निरनिराळ्या झाडांवर येतात. मादी फुलोऱ्याचा काटेरी गोळा पिकला की सुटतो व वाऱ्याबरोबर गडगडत बी पसरवितो. आमच्या मते ही शर्यत एकदा पाहण्याजोगीच आहे.

याच किनाऱ्यावर, शापोरा नदीच्या मुखाजवळ, हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवी अंडी घालण्यास येतात.

1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेने करमणुकीसाठी वा सुशोभनासाठी अशा टेकड्यांत फेरफार करण्यास मनाई केली. परंतु गाडीच्या चाकांस अधिसूचना वाचता येत नाही. सरपटते खोड तुटले की तेथून वारा शिरतो आणि बांधून ठेवलेली वाळू सुटी होऊन आतल्या बाजूस सरकू लागते.