रजकाची राहिलेली इच्छा

श्रीगुरुचरित्राच्या ९व्या अध्यायात कुरवपूरचा रजक भेटतो. कृष्णेतून थाटाने नौकेत चाललेला राजा त्याला दिसला नि मन तिकडेच गेलं. आपला जन्म नुसता कष्टात सरला असं वाटलं. पन्नाशी ओलांडलेल्याला हे नवं नाही. पेटी शिकायची राहिली, आईला गाणगापूरला न्यायचं राहूनच गेलं.

श्रीपाद श्रीवल्लभ रागावले नाहीत. राज्य याच जन्मी हवं की पुढच्या, एवढंच विचारलं. म्हातारा म्हणाला, पुढच्या. पण आपलं दर्शन अंतरू नये. (पारायणात ही पुस्ती आपण भरभर वाचून जातो!) ५०व्या अध्यायात तो बिदरचा राजा होऊन, मांडीवरच्या फोडाने बेजार होऊन गाणगापुरी येतो, तेव्हा श्रीगुरू त्याला हाक मारतात ती रजक म्हणूनच.

मात्र राजाची नौका आणि आईची यात्रा एका मापाने मोजू नये. पहिलीची नुसती हळहळ; दुसरी कर्तव्याची बाकी. आई नसेल तर मावशीला, काकूला विचारावं. सोलापूरहून रेल्वेने गाणगापूर रोडला उतरावं, पुढे जीप मिळते.