उंची, अंगकाठी आणि गाठीची भीती

प्रश्न : आम्ही तंजावरकडचे मराठी, ओरत्तनाडूजवळच्या खेड्यात राहतो. वय ५२, पाळी जाऊन २ वर्षं झाली. घरात सगळ्यांत उंच मीच, छातीही भरलेली. शेजारणी म्हणतात, अशांना स्तनाचा कर्करोग होतो. खरं का?

उत्तर : ताई, शेजारणींचं थोडंफार खरं आहे. उंच बायकांत धोका किंचित जास्त आढळतो. पण उंची काही छाटता येत नाही, तो विषय सोडा. छातीच्या नुसत्या आकारावरूनही काही ठरत नाही. महत्त्वाची ती आतली घनता. ती हाताला कळत नाही, मॅमोग्राफीत दिसते. तिथं घन भाग पांढरा आणि गाठही पांढरीच. धुक्यात बगळा शोधावा तसं.

हातात आहे ती कंबर. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत तयार होतं, म्हणून या वयात वाढलेलं वजन भोवतं. लावणीला वाकणं यंत्रानं कमी केलं, ताटातला भात मात्र तेवढाच राहिला!

मुंबईत टाटा मेमोरियलनं दीड लाखांवर बायकांचा २० वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित सेविकांनी दर २ वर्षांनी नुसत्या हातानं तपासलं, तरी पन्नाशीपुढच्यांत या रोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. तेव्हा आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंकडून तपासून घ्या. काखेत किंवा छातीत गाठ, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, आत ओढलेलं बोंड, त्यातून रक्त, यांतलं काही दिसलं तर दुखत नाही म्हणून थांबू नका. पोंगल व्हायची वाट न पाहता तंजावरचं मेडिकल कॉलेज गाठा.