खेळताना संगणक आपोआप रिस्टार्ट होतो : दोष कसा शोधावा?

संगणक दुरुस्तीच्या धंद्यात आपले अनेक तरुण बांधव आज रोजी कमावीत आहेत. कोणी छोटे दुकान टाकले आहे, कोणी घरोघर जाऊन दुरुस्ती करतो, तर कोणी गेमिंग पार्लर चालवितो. या सर्वांना छळणारी एक तक्रार आहे. गिऱ्हाईक सांगते, "भाई, मशीन तशी चांगली चालते. टायपिंग होते, पिक्चर लागतो. पण गेम लावला की थोड्या वेळात आपोआप रिस्टार्ट होते." दुकानात दिवसभर चालू ठेवले तरी ते यंत्र बंद पडत नाही. घरी नेले की त्याच रात्री पुन्हा फोन येतो.

येथेच कारागिराची परीक्षा असते. अंदाजाने रॅम बदलायची, नाही जमले तर विंडोज नव्याने टाकायचे, तेही नाही जमले तर मदरबोर्ड गेला म्हणून सांगायचे आणि प्रत्येक वेळी पैसे घ्यायचे, असे करणारेही बाजारात आहेत. यात गिऱ्हाईकाचा पैसा जातो, कारागिराची पत जाते आणि दोष जागच्या जागी राहतो. आमचे म्हणणे असे की, हा दोष शोधण्याचा एक क्रम आहे. तो पाळल्यास पुष्कळदा एकही नवा भाग विकत न घेता दोष कोठे आहे हे कळते.

मूळ गोष्ट : भार

रिकामा टेम्पो सपाट रस्त्यावर कसाही धावतो. माल भरून घाट चढू लागला की इंजिनाची खरी अवस्था दिसते. संगणकाचेही तसेच आहे. टायपिंग करताना ग्राफिक कार्ड जवळजवळ स्वस्थ बसलेले असते. गेम सुरू होताच ते पूर्ण ताकदीने चालू लागते. २०२० साली बाजारात आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०८० या कार्डाचा भार एकट्याचा ३२० वॅट आहे आणि त्यासाठी कंपनीने ७५० वॅटचा एसएमपीएस सुचविला होता. शिवाय आधुनिक कार्डे काही क्षण, सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती, आपल्या नेमल्या भारापेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतात. म्हणूनच २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात असे झटके सहन करण्याची अट एसएमपीएसला घालण्यात आली.

म्हणजे खेळताना दोन गोष्टी एकदम वाढतात, विजेची ओढ आणि उष्णता. त्यामुळे संशयही प्रथम याच दोघांवर घ्यावा. रॅम, प्रोसेसर आणि बायोसमधील मांडणी त्यानंतर.

पहिली पायरी : आधी विचारा

पेचकस हातात घेण्यापूर्वी गिऱ्हाईकाला चार प्रश्न विचारावेत. गेम लावताच बंद पडते की अर्ध्या तासाने? एकाच गेममध्ये की सर्व? नवे कार्ड किंवा रॅम बसविल्यापासून सुरू झाले काय? आणि बंद पडताना पडदा निळा होतो, की एकदम काळोख होऊन यंत्र लगेच सुरू होते?

उत्तरांवरून दिशा मिळते. एकदम काळोख होऊन लगेच रिस्टार्ट होणे हे बहुधा विजेकडे बोट दाखविते. अर्ध्या तासाने, तेही भर उन्हाळ्यात, होत असेल तर उष्णतेचा विचार करावा. मात्र प्रोसेसर फार तापला की तो प्रथम आपला वेग कमी करतो, आणि तरीही भागले नाही तर यंत्र साधारणपणे बंदच होते, रिस्टार्ट होत नाही. निळा पडदा आला तर ड्रायव्हर, रॅम किंवा प्रोसेसर तपासावा. हे सर्व अनुमान आहे, निकाल नव्हे. निकाल चाचणीनेच लागतो.

दुसरी पायरी : विंडोजची नोंदवही वाचा

निळा पडदा पुष्कळदा येतो, पण दिसत नाही, कारण विंडोज स्वतःच यंत्र रिस्टार्ट करते. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड' या पानावर 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' असा भाग आहे. त्यातील 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' पुढची खूण काढून टाकावी. मग पुढच्या वेळी पडदा निळा होऊन थांबेल व त्यावरील संदेश वाचता येईल.

यानंतर इव्हेंट व्ह्यूअर उघडावा. तेथे 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद जवळजवळ नेहमी सापडते. ती पाहून एसएमपीएस गेला, असे अनेक कारागीर सांगून मोकळे होतात. ही चूक आहे. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की, यंत्र मागच्या वेळी रीतसर बंद झाले नव्हते. कारण ती सांगत नाही. त्याच सुमारास 'व्हीया-लॉगर' या नावाची नोंद असेल तर मात्र प्रोसेसर, रॅम किंवा कार्डाच्या जोडणीत हार्डवेअरची चूक घडली आहे, असा तो इशारा समजावा.

तिसरी पायरी : कॅबिनेटच्या बाहेरची वीज

दुकानात चालते आणि घरी बंद पडते, या कोड्याची उकल बहुधा येथे होते. गिऱ्हाईक दुकानात फक्त कॅबिनेट घेऊन येते. यूपीएस आणि वायर घरीच राहतात! शिवाय दुकानात यंत्र नुसते चालू ठेवलेले असते, त्यावर गेमचा भार नसतो.

सर्वसाधारण घरगुती यूपीएस ६०० व्हीएचा असतो. हे ६०० वॅट नव्हेत. अशा यूपीएसची क्षमता साधारण ३६० वॅट असते आणि मॉनिटरही त्यावरच जोडलेला असतो. जुन्या ऑफिसच्या संगणकाला तो पुरत होता, पण गेमिंगच्या यंत्राला पुरणार नाही. भार वाढताच तो मान टाकतो. काही स्वस्त यूपीएसच्या बॅटरीवरील विजेची लाट शुद्ध नसते, पायऱ्यापायऱ्यांची असते, आणि नव्या पद्धतीच्या काही एसएमपीएसना ती मानवत नाही.

म्हणून गिऱ्हाईकाला यूपीएस व वायरही सोबत आणण्यास सांगावे. नंतर यूपीएस बाजूला करून यंत्र थेट भिंतीतील चांगल्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटवर लावून तोच गेम चालवावा. रिस्टार्ट थांबले तर दोष सापडला, आणि यासाठी एक पैसाही खर्च झाला नाही.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी यांसारख्या यंत्रमागांच्या गावांतील बांधवांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. जवळची मोठी मोटर सुरू होताना लाइनचा दाब क्षणभर खाली येतो. वीज तुटली तर पूर्ण भारावर चांगला एसएमपीएससुद्धा १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो. आपल्या विजेचे एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचे असते. म्हणजे पंखा मंदावल्याचे आपल्या लक्षात येण्यापूर्वीच संगणक रिस्टार्ट झालेला असतो. जेथे हा त्रास आहे तेथे पुरेशा क्षमतेचा, शुद्ध लाटेचा यूपीएस हाच उपाय आहे. रॅम बदलून तेथे काहीही होणार नाही.

चौथी पायरी : भार हलका करून पाहा

एमएसआय आफ्टरबर्नर हा प्रोग्रॅम मोफत मिळतो. त्यात कार्डाची वीजमर्यादा १०० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर आणावी, गेममध्ये फ्रेमची मर्यादा ६० ठेवावी आणि खेळून पाहावे. रिस्टार्ट थांबले तर विंडोज आणि गेम सहसा निर्दोष समजावेत. दोष एसएमपीएस, त्याच्या वायरी, कार्ड किंवा उष्णता यांत आहे.

आता एसएमपीएसचे लेबल वाचावे. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नये. १२ व्होल्टच्या ओळीत किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहून त्यास १२ ने गुणावे. ३० अँपिअर असतील तर उत्तर ३६० वॅट येते. वर ५०० लिहिलेले असले तरी कार्ड व प्रोसेसर यांना मिळणारे खरे बळ तेवढेच.

कार्डाला वीज देणारा ८ पिनांचा प्लग १५० वॅटसाठी असतो. कार्डाला असे दोन प्लग लागत असतील तर एकाच वायरीच्या दोन तोंडांऐवजी दोन स्वतंत्र वायरी लावाव्यात. प्लग सैल किंवा काळवंडलेला आहे काय, हेही पाहावे. एका कंपनीच्या सुट्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नयेत. प्लग बसतो, पण आतील तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि हार्ड डिस्कसकट सर्व जळू शकते.

मल्टिमीटरने १२ व्होल्टची वायर गेम चालू असता मोजावी. ११.४ ते १२.६ व्होल्ट ही मान्य मर्यादा आहे. तथापि मीटरवर आकडा बरोबर आला म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, कारण क्षणाचा झटका मीटरला दिसत नाही. खात्रीचा मार्ग एकच, दुसरा तपासलेला एसएमपीएस लावून पाहणे. प्रत्येक कारागिराने असा एक चांगला एसएमपीएस केवळ चाचणीसाठी दुकानात ठेवावा. जुना एसएमपीएस मात्र स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका दाब काही काळ राहतो.

पाचवी पायरी : उष्णता

एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम चालू ठेवून गेम लावावा व तापमान लिहून घ्यावे. बऱ्याच इंटेल प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस, तर एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बहुतेकांची ९५ अंश आहे. यंत्र मर्यादेला टेकत असेल तर हीटसिंकमधील धूळ काढावी, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी आणि पंखे फिरतात याची खात्री करावी. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. सोपी चाचणी अशी : कॅबिनेटची बाजू उघडून समोर टेबलफॅन लावावा. रिस्टार्ट होण्यास आता बराच अधिक वेळ लागत असेल, तर उष्णतेचा संशय पक्का होतो.

सहावी पायरी : बायोस, रॅम, प्रोसेसर

बायोस मूळ मांडणीवर आणावे. रॅमचा वेग वाढविणारी एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सोय बंद करून खेळून पाहावे. मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावा. एक जरी चूक दाखविली तरी एक-एक रॅम वेगळी लावून पुन्हा तपासावी. कॅबिनेटच्या रिसेट बटणाची वायर मदरबोर्डवरून काढून पाहण्यासही विसरू नये. अडकलेले बटण मोठमोठ्या कारागिरांना फसविते.

इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरबाबत विशेष सूचना. यांतील अनेक प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे कमजोर होऊन गेममध्ये बंद पडतात, हे २०२४ साली इंटेलने मान्य केले, बायोसमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढविली. बायोस नवे केल्याने पुढील हानी टळते, पण झालेली हानी भरून येत नाही. असे यंत्र आले तर गिऱ्हाईकाला वॉरंटीचा मार्ग सांगावा. त्याच्या माथी नवा प्रोसेसर मारू नये.

वही आणि इमान

या सर्व क्रमात एक नियम मोडू नये. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. रॅम, पेस्ट आणि एसएमपीएस एकदम बदलले आणि दोष गेला, तर तो कशाने गेला हे आपल्याला कधीच कळणार नाही, आणि गिऱ्हाईकाने तीन वस्तूंचे पैसे मोजलेले असतील. शेवटी तोच गेम, शक्य तर गिऱ्हाईकाच्याच यूपीएसवर, निदान दोन तास चालवून मगच यंत्र परत द्यावे.

दोष फक्त यूपीएसमध्ये निघाला तर बिल कशाचे करावे, असे काही बांधव विचारतात. आमचे उत्तर सरळ आहे. तपासणीची मजुरी आधीच सांगावी आणि निःसंकोचपणे घ्यावी. ती तुमच्या ज्ञानाची व वेळेची हलाल कमाई आहे. न बदललेल्या भागाचे पैसे मात्र घेऊ नयेत, आणि बदललेला जुना भाग गिऱ्हाईकाच्या हाती द्यावा. दुरुस्तीस आलेली वस्तू ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे.

जुनी यंत्रे विकणाऱ्यांनी तर अधिक जपावे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले, तेव्हा तो भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले आणि फसविणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले. ज्या यंत्रावर टायपिंग उत्तम होते, पण गेम लावताच जे रिस्टार्ट होते, ते यंत्र म्हणजे अशीच वरून कोरडी रास होय. दोष सांगून कमी किमतीत विकल्यास सौदा स्वच्छ राहतो. लपवून विकल्यास गिऱ्हाईक पहिल्याच रात्री ती ओल ओळखते आणि पुन्हा आपल्या दुकानाची पायरी चढत नाही.

कारागिराची कीर्ती बदललेल्या भागांवरून होत नसते. "त्याने पैसे वाचविले आणि दोषही काढला," असे एका गिऱ्हाईकाने दुसऱ्याला सांगितले की दुकान आपोआप चालू लागते. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो.