जुन्या छोट्या एसयूव्हीची स्टेपनी : काय करावे, काय टाळावे

जुनी जिप्सी, बोलेरो किंवा २०१० साली आलेली पहिली थार ज्यांच्या दारात उभी आहे, त्यांच्यापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतो. मागचं दार खडखडायला लागतं, बंद करताना उचलून लावावं लागतं, बिजागरीजवळच्या पत्र्याला बारीक चीर दिसते. मग कोणीतरी सुचवतं की स्टेपनी टपावर टाका, दाराचं ओझं संपेल. सल्ला सोपा आहे आणि बहुतेक वेळा चुकीचा आहे.

स्टेपनीच्या जागेला मी तीन प्रश्न विचारतो. वजन लोखंडाच्या सांगाड्यावर येतं का, की नुसत्या पत्र्यावर? एकट्या माणसाला भर पावसात ती काढता येईल का? आणि ती तिथे असताना मागचे दिवे आणि नंबर प्लेट दिसतात का? ठाण्याच्या कोपरीत राहणाऱ्यांना यातला दुसरा प्रश्न फार जवळचा आहे. घरातून निघून पूर्व द्रुतगती महामार्गाला लागलं की पुलावर किंवा आनंदनगर नाक्याच्या आधी टायर बसला, तर थांबायला जागा जेमतेम मिळते आणि मागून येणारी वाहतूक थांबत नाही.

आधी दार तपासा

करा : स्टेपनी उतरवा, दार अर्धं उघडा, बिजागरीच्या उलट टोकाला धरून वर-खाली हलवा. एकाला बिजागरीकडे बघायला सांगा. फक्त पिन आणि बुश हलत असतील तर काम छोटं आहे. दोन्ही बदला, ग्रीस भरा. पिन घट्ट आहे पण बिजागरीसकट खांबाचा पत्रा हलतो, असं दिसलं तर ते काम डेन्टरचं आहे. आतून जाड पट्टी देऊन खांब मजबूत करून घ्यावा लागेल.

करा : स्टेपनीचं वजन दाराला किती ओढतं ते एकदा समजून घ्या. लोखंडी डिस्कसकट १५ इंची टायर २० ते २५ किलोंचा भरतो. त्याचा मध्य बिजागरीपासून अर्धा मीटर लांब असतो. दार उघडं असताना वरची बिजागरी बाहेर खेचली जाते आणि खालची आत दाबली जाते. दोघींमध्ये ४० सेंटीमीटर अंतर धरलं, तर प्रत्येकीवर ३० किलोंच्या आसपास ओढ येते, आणि तीही गाडी उभी असताना. दार बंद असतं तेव्हा कुलूप आणि रबरी ठोकळे थोडा भार घेतात. पण खड्ड्यात आदळलं की हाच भार क्षणभर दुप्पट-तिप्पट होतो. कल्याण-शीळ रस्त्यावर किंवा घोडबंदरला मेट्रोच्या कामाशेजारून रोज जाणाऱ्याच्या दाराला असे धक्के किती बसत असतील याचा विचार करा.

करा : दाराच्या कडेचे रबरी ठोकळे बघा. ते झिजले की बंद दारसुद्धा सगळा भार बिजागऱ्यांवर टाकतं. खडखड थांबवणारा हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि तो सुचवायचं हमखास राहून जातं.

टाळा : फाटलेल्या पत्र्यावर वरून पट्टी ठोकून रंग मारणं. चीर आत वाढत राहते आणि पुट्टीखाली पाणी साचून गंज धरतो.

टाळा : मूळ मापापेक्षा मोठा टायर जुन्याच दारावर टांगणं. जिप्सीचा २०५/७० आर १५ टायर उभा मोजला तर साधारण ६७ सेंटीमीटर भरतो. २३५/७५ आर १५ घेतला तर ७३ च्या पुढे जातो. वजन वाढतं, खालची कड बंपरला घासते, आणि दाराला रोजचा त्रास सुरू होतो.

मूळ जागेचा मान ठेवा

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला मागे उघडणारा फळका नव्हता, म्हणून स्टेपनी पाठीवर होती. नागरी वापराच्या सीजे जीपला मागे फळका आला, तशी स्टेपनी कुशीला गेली. टाटांच्या १९९१ च्या सिएराने आणि १९९८ च्या सफारीने ती मागच्या दारावर घेतली. पुढे २०१२ च्या सफारी स्टॉर्ममध्ये ती गाडीच्या पोटाखाली गेली. प्रत्येक वेळी जागा बदलली तेव्हा त्या भागाचा सांगाडाही त्यासाठी आखला गेला. आपण घरी जागा बदलतो तेव्हा फक्त टायर हलतो, सांगाडा तसाच राहतो. म्हणून कंपनीने दिलेली जागा दुरुस्त होण्यासारखी असेल तर तीच दुरुस्त करा.

मागेच, पण चासीवर

दार दुरुस्तीपलीकडे गेलं असेल, किंवा मोठे टायर टाकलेच असतील, तर मागच्या बंपरवर फिरता कॅरियर बसवावा. त्यात स्टेपनीचा भार दारावर न येता बंपरमार्गे चासीवर जातो. माझं मत इथे स्पष्ट आहे : छोट्या जुन्या गाडीसाठी दुसरी सगळ्यात चांगली जागा हीच.

करा : कॅरियरचा बंपर चासीच्या दोन्ही दांड्यांना बोल्टने बसवून घ्या. आत जाड पट्टी, बाहेर जाड वायसर, आणि सैल न होणारे नट.

करा : फिरण्याच्या खुंटीत बेअरिंग आहे का ते विचारा. नुसती नळीत नळी घातलेली असेल तर एका पावसाळ्यात ती आवळते.

करा : कॅरियर ९० अंशांवर अडेल अशी खीळ हवी. बिजागरी उजवीकडे असेल तर उघडलेला दांडा सरळ मागे राहतो आणि तुम्ही फुटपाथच्या बाजूने सामान काढता. खीळ नसेल तर दांडा आणखी फिरून शेजारच्या लेनमध्ये घुसतो, किंवा खाडीकडून आलेल्या वाऱ्याने परत येऊन हातावर आपटतो.

करा : पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नव्या कामात ते बसतातच.

टाळा : चासीच्या दांड्याला थेट वेल्डिंग. उष्णतेने तिथलं लोखंड कमकुवत होतं आणि चीर वेल्डिंगच्या कडेलाच पडते.

टाळा : कॅरियर मिळाला म्हणून त्यावर कॅन, फावडं, शिडी लटकवणं. जिप्सीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २३७५ मिलिमीटर आहे. मागच्या चाकाच्या एक मीटर मागे २५ किलोंची स्टेपनी लावली की पुढच्या चाकांवरून दहा-अकरा किलो भार उचलला जातो. तेवढं चालतं. त्यात २० किलोंचा कॅरियर आणि भरलेला २० लिटरचा कॅन धरला की हा आकडा २७ च्या आसपास जातो, मागचे पाटे बसतात आणि स्टिअरिंग हलकं लागतं. पेट्रोल किंवा डिझेलचा कॅन तर तिथे कधीच नको; मागून धडक बसली की पहिला मार त्यालाच बसतो.

टपावर नको

टाळा : रोजच्या वापरात टपावर स्टेपनी. अकराशे किलोंच्या गाडीत २५ किलो कमरेच्या उंचीवरून दोन मीटर उंचीवर नेले, तर गाडीचा गुरुत्वमध्य अडीच सेंटीमीटर वर सरकतो. आकडा लहान वाटतो. पण या गाड्या मुळातच अरुंद, उंच आणि पाट्यांवर उभ्या आहेत. कसारा किंवा माळशेज घाटाच्या वळणावर तो फरक हातात जाणवतो.

टाळा : वयस्कर माणूस किंवा एकटी बाई चालवत असलेल्या गाडीत ही जागा. पंचवीस किलोंचं ओलं, चिखलाचं चाक डोक्याच्या वरून खाली घेणं धोक्याचं आहे.

करा : लांबच्या प्रवासाला दुसरी स्टेपनी न्यायचीच असेल, तर ती तेवढ्यापुरती टपावर ठेवा. कॅरियर पन्हळीला घट्ट असावा, चाक आडवं, दोन कप्पी-पट्ट्यांनी बांधलेलं. नायलॉनची दोरी उन्हात आणि वाऱ्यात सैल पडते.

पोटाखाली, फक्त कंपनीने दिली असेल तर

ज्या गाडीत ती मुळात खाली आहे तिथे राहू द्या आणि वर्षातून दोनदा खाली सोडून बघा. साखळी किंवा तार गंजून अडकली की हायवेवर स्टेपनी असूनही नसल्यासारखीच.

टाळा : मागे असलेली स्टेपनी घरगुती कंस लावून पोटाखाली नेणं. सायलेन्सर जवळ येतो, टाकी जवळ येते, जमिनीपासूनची उंची घटते आणि चढ उतरताना शेपूट घासतं.

करा : खाली असेल तर कुलूप लावा. तार कापून चाक नेण्याचा प्रकार जुना आहे. मागे लावलेल्या स्टेपनीलाही एक नट चावीचा हवा, आणि ती चावी पान्याबरोबरच ठेवा, घरच्या जुडग्यात नको.

डिकीत

सीएनजी किट बसवल्यावर स्टेपनी डिकीतून हलते किंवा सिलिंडरच्या अंगावर येऊन पडते. दुसरा प्रकार टाळाच. सिलिंडरची पाटी, झडप आणि नळ्या मोकळ्या हव्यात. दर तीन वर्षांनी होणाऱ्या दाब-चाचणीसाठी तो काढावाही लागतो.

मागची सीट वापरत नसाल तर आत उभी स्टेपनी चालते, पण सांगाड्याला बोल्टने धरलेल्या कंसात. जोरात ब्रेक लागला की मोकळं चाक थेट पुढच्या सीटच्या पाठीत येतं.

पाऊस आणि खारी हवा

कोपरीच्या मीठबंदर रस्त्याच्या बाजूला गाडी उभी राहत असेल तर खाडीची हवा लोखंडाला लवकर धरते. पावसाळ्याआधी कंसाचे बोल्ट काढून त्यांना ग्रीस लावा. नाहीतर ऐन वेळी नट फिरत नाही आणि पाना निसटून बोटं सोलतात.

कव्हर घालायला हरकत नाही, कारण उन्हाने रबर तडकतं. पण कव्हरच्या खालच्या कडेला पाणी जायला दोन भोकं हवीत. डिस्कच्या खोलगट बाजूत साठलेलं पाणी गंज आणतं, आणि डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतात. सोसायटीच्या कोपऱ्यात ठेवलेले जुने टायर याच कारणाने आधी हलवावेत.

पार्किंग, दिवे, कागद

करा : कंस पक्का करण्याआधी सोसायटीतली आपली जागा मोजा. टायर आणि कंस मिळून गाडी मागे वीतभर तरी वाढते. कोपरीतल्या जुन्या इमारतींत भिंतीला टेकून गाडी लावण्याची सवय आहे. त्यात स्टेपनी भिंतीवर आदळली की तो धक्का सरळ दाराला बसतो, आणि आडवं उघडणारं दार तर उघडतच नाही.

करा : गाडीपासून दहा पावलं मागे जा आणि बघा. ब्रेकचे दिवे, इंडिकेटर, लाल परावर्तक आणि नंबर प्लेट सगळं दिसलं पाहिजे, प्लेटवरचा दिवाही लागला पाहिजे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागते. ती स्टेपनीमागे दडली तर नवी असून उपयोग नाही.

टाळा : मोठे फेरफार करून मग आरटीओत जाणं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ नोंदीशी न जुळणारे बदल करायला मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कंपनीच्या जागेवरची दुरुस्ती हा वेगळा विषय. बंपर बदलायचा असेल तर एमएच ०४ ची गाडी ठाण्याच्या आणि एमएच ०५ ची कल्याणच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला गाडी तपासली जातेच.

टाळा : "नव्या गाड्यांत स्टेपनी नसते, मग आपणही काढू" हा हिशेब. २०२० साली मिळालेली स्टेपनी न देण्याची सवलत ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचं किट आणि टायरमधल्या हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांसाठी आहे. जुन्या गाडीत ही यंत्रणा नसते.

चाक स्वतः

स्टेपनी बाकी चार टायरांच्याच मापाची ठेवा. फोर-बाय-फोर गाडीत तर हे सक्तीचं समजा. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून वेगळ्या उंचीचं चाक फिरवलं की ट्रान्सफर केसमध्ये ताण साठतो.

टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसते म्हणून दहा वर्षांची स्टेपनी विश्वासाची होत नाही. हवा इतरांपेक्षा तीन-चार पौंड जास्त भरा, कारण ती हळूहळू उतरते आणि मागे टांगलेल्या चाकाकडे महिनोन्‌महिने कोणी बघत नाही.

नवी जागा पक्की झाली की एका रविवारी सोसायटीतच चाक बदलून बघा. गाडी चालवणाऱ्या घरातल्या प्रत्येकाने, एकट्याने, गाडीत असलेल्याच जॅकने आणि पान्याने. कुठे अडतं ते तिथेच कळेल : नट फार आवळलेला, जॅक सामानाखाली दबलेला, किंवा कॅरियरचा खटका हाताला न झेपणारा.