आमच्या ताटातील रान

गेल्या उन्हाळ्यात, सकाळच्या शाळेत, आम्ही सातवीच्या मुलांस परिचयाच्या दहा फळांची नावे लिहावयास सांगितली. सफरचंद, द्राक्ष, अननस, डाळिंब अशी नावे भराभर उतरली. त्याच वेळी मागल्या बाकावरील दोघांच्या खिशांत चार नावाची रानफळे भरलेली होती आणि एकाच्या ओठांवर त्यांचा काळसर जांभळा डाग स्पष्ट दिसत होता. तरी चार, टेंभरे, कवठ, बोर ह्यांपैकी एकही नाव कोणाच्या वहीत नव्हते. कारण विचारता एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, ते तं रानातले होत."

मुलाचे उत्तर खोटे नव्हते. परंतु त्यात जे विकत घ्यावे लागते तेच फळ, असा एक समज दडलेला होता. गंमत अशी, की ह्याच चाराच्या बिया फोडून जो गर काढतात तीच चारोळी. ती नागपुरा-पुण्याच्या मिठाईवर चढली म्हणजे तिला मोठी किंमत येते. म्हणून आज पुस्तकातील पाठ बाजूस ठेवून घरच्या चुलीपाशीच काही अभ्यास करावा असे आम्ही योजिले आहे.

आपल्या वडशाच्या एका अंगास वैनगंगा व धानाची शेते आणि दुसऱ्या अंगास कुरखेड्याकडील जंगल. त्यामुळे येथील स्वयंपाक हा शेत, रान आणि तलाव-बोड्या ह्या तिघांवर चालत आला आहे. पावसाच्या आरंभी तरोट्याचा कोवळा पाला व वास्ते, मग तलावातील शिंगाडे, दिवाळीच्या सुमारास सीताफळे, थंडीत बोरे व आवळे, आणि उन्हाळ्यात मोह, चार, टेंभरे, आंबा, जांभूळ असा हा क्रम आहे.

ह्यांत मोहाविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे, कारण त्याचे नाव काढताच वर्गात हशा पिकतो. मुलांस दारूच तेवढी आठवते. वास्तविक मोहाचे फूल हे आधी अन्न आहे. पानगळ झाल्यावर झाडास फुले येतात आणि त्यांच्या रसाळ पाकळ्या रात्रीच्या शेवटच्या प्रहरापासून उजाडेपर्यंत टपटप गळतात. वेचणाऱ्या बाया म्हणूनच पहाटे टोपली घेऊन निघतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक भाग साखरेचाच असतो. कित्येक ठिकाणी झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा स्वच्छ करतात. ही रीत मात्र आम्हांस मान्य नाही, कारण त्यातूनच पुष्कळदा जंगलात वणवा पसरतो. खाली झाडून घेतले किंवा जाळी अंथरली तरी काम भागते.

घरी करून पाहावयाचे असल्यास वाटीभर वाळलेली फुले घ्यावी, आतील केसर झटकून टाकावे, दोन-तीन पाण्यांनी धुऊन भिजत घालावी व मऊ होईतो शिजवावी. मग ती वाटून दोन वाट्या कणकेत मिसळावी. पीठ भिजविण्यास फुलांचेच पाणी पुरते आणि गूळ घालण्याचे कारण उरत नाही. अशा भाकरीचा वास थोडा उग्र असतो, हे आम्ही लपवीत नाही. पहिल्या दिवशी आमच्या घरच्या मुलांनीही नाके मुरडली होती. तिसऱ्या दिवशी टोपले रिकामे झाले.

वाऱ्याने पडलेल्या कैऱ्यांचे कोयाडे सर्वांच्या परिचयाचे आहे. कैरी उकडून तिचा गर गुळात मिसळावा व मोहरी-मेथीची फोडणी द्यावी, एवढीच त्याची कृती. परंतु ते मातीच्या भांड्यात का करीत, हे मुलांनी विचारले पाहिजे. आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळेत शिजविला तर तांबे अन्नात उतरते आणि मळमळ, वांती होते. शिवाय पालेभाजीसोबत कोयाडे वा आवळा ताटात असला म्हणजे भाजीतील लोह शरीरास अधिक लागते. आजीने हे कारण कोठे वाचले नव्हते, पण ताट तिने तसेच वाढले.

अशा घरगुती नियमांची किंमत आम्ही स्वतः एकदा मोजली आहे. ह्या भागात नवे आलो तेव्हा आठवडी बाजारातून वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब आणले आणि कोबीसारखे चिरून थेट फोडणीस टाकले. भाजी कडू झाली. तरी हट्टाने खाल्ली आणि रात्रभर पोट धरून बसलो. सकाळी शेजारच्या आजी म्हणाल्या, "पहिलं पानी फेकून द्या लागते, गुरुजी." कच्च्या वास्त्यात टॅक्सीफायलिन नावाचे द्रव्य असते व त्यापासून सायनाइडसारखे जहाल विष सुटते. उघड्या भांड्यात चांगले उकळून पाणी ओतून दिले म्हणजे ते निघून जाते. आजींनी विषाचे नाव ऐकले नव्हते. उपाय मात्र त्यांस तोंडपाठ होता.

लाखोरीच्या डाळीचीही तीच गोष्ट. धान कापण्यापूर्वीच हिचे बी उभ्या शेतात फेकतात आणि उरलेल्या ओलीवर ती वाढते. दुष्काळात दुसरे धान्य पिकले नाही तरी ही पिके, म्हणून गरिबास हिचाच आधार असे. परंतु दोन-तीन महिने मुख्य अन्न म्हणून हीच खाल्ली तर पाय कायमचे लुळे पडण्याचा धोका असतो. सागर भागात 1829 नंतरच्या वाईट वर्षांत असे झाल्याचे स्लीमन ह्या इंग्रज अधिकाऱ्याने 1844 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात लिहून ठेविले आहे. पुढे 1961 साली हिच्या विक्रीवर बंदी आली. आणि नंतर संशोधकांनी रतन, प्रतीक, महातिवडा असे तो दोष बराच कमी असलेले वाण काढले. ज्या घरी लाखोरीचे वडे होतात तेथे डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावे. वडा कधीमधी खावा. रोजच्या वरणास तूरच बरी.

सीताफळाची बी चुलीजवळ वाटू नये, हेही लहान मुलांच्या मातांस सांगावेसे वाटते. तिची पूड डोळ्यात गेल्यास डोळ्यास गंभीर इजा होते.

पुढे आम्ही त्याच वर्गास फळांची यादी पुन्हा लिहावयास सांगितली, परंतु ह्या खेपेस घरच्या वडील माणसांस विचारून. एका मुलीने एकवीस नावे आणली. त्यांपैकी सहा आम्हांस ठाऊक नव्हती. त्यांतील कोणती कच्ची खावयाची व कोणती उकडून, असे विचारता ती म्हणाली, की ते आजीस ठाऊक आहे. तेव्हा पहिला पाऊस पडल्यावर त्या आजीस एक दिवस वर्गात बोलावण्याचे आम्ही ठरविले आहे. पाट्या-वह्या मुलांनी आणाव्या, वास्ते आम्ही आणू.