ताणा आणि वजन

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला. साधे माग तिथं आजही चालतात.

मागाच्या पाठीमागं बीम असतो. त्यावर ताणा, म्हणजे उभं सूत, गुंडाळलेलं असतं. बीमच्या टोकाला साखळी वेढून दांडीला अडकवतात. दांडीवर वजन. कापड पुढं ओढलं जातं, साखळी बीमला अडवते. म्हणून ताणा ताठ राहतो.

सूत संपत येतं तसा बीम बारीक होतो. वजन तेच ठेवलं तर ताण वाढतो. जात्याचा खुंटा मधाशी असला की जातं जड जातं ना? तसंच हे.

मग तार तुटते, माग थांबतो. मजुरी तर कापडावर! म्हणून वजन हळूहळू दांडीच्या टेकूकडं सरकवावं. फार ढिलंही नको. ताणा लोंबला की धोटा अडकतो. माग बंद करून ताण्यावर तळहात टेकून पाहा.